गॅरेजच्या कोब्यावर इपॉक्सी: टिकतं कशामुळे, निघतं कशामुळे

इपॉक्सीचा पापुद्रा हातात आला की आधी तो उलटा करून पाहायचा. मावसभावाच्या गॅरेजमध्ये मी पहिल्यांदा तेच केलं. सोलापुरात होटगी रोडला त्याचा चारचाकी दुरुस्तीचा १० बाय २० फुटांचा गाळा आहे. एप्रिलमध्ये त्याने कोब्यावर इपॉक्सी, म्हणजे दोन डबे मिसळून लावायचा कडक लेप, मारून घेतलं. करडी, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसेल अशी चकचकीत जमीन झाली आणि तो खूश झाला. जूनमध्ये त्याचा फोन आला. "दादा, गाडी मागं घेतली की टायरला चिकटूनच येतंय बघ. ये की एकदा."

गाडीची चाकं जिथे थांबतात बरोबर त्याच चार जागी जमीन उघडी पडली होती. तळहाताएवढा एक तुकडा मी उचलला. वरची बाजू धडधाकट, तडा नाही, नखाने ओरखडा उठत नाही. उलटा केला, तर पाठ राखेसारख्या पांढुरक्या भुकटीने भरलेली. बोट फिरवलं की ती बोटाला यायची. ही भुकटी सिमेंटची होती. इपॉक्सीने आपली पकड सोडलेलीच नव्हती. त्याने जे धरलं होतं तेच जमिनीपासून सुटलं होतं.

मी फ्लोअरिंगच्या कामात आहे आणि अशा तक्रारी बऱ्याच पाहतो. लोक म्हणतात, माल हलका होता. क्वचित तसं असतंही. पण बहुतेक वेळा इपॉक्सी राहणार की निघणार, हे डबा उघडायच्या आधीच ठरलेलं असतं. ते कसं ठरतं हे घरमालकाला, गॅरेजवाल्याला, छोट्या कारखानदाराला समजलं पाहिजे, कारण पैसे त्याचे जातात आणि काम करणारा दोन दिवसांत निघून जातो.

कोब्यावरची साय

दूध तापवून ठेवलं की वर साय धरते, तसंच काँक्रीटचं होतं. कोबा टाकताना खडी आणि वाळू खाली बसते, पाणी वर येतं आणि सोबत सिमेंटचा नि मातीचा बारीक अंश घेऊन येतं. त्यावर गवंडी थापी मारून घोटाई करतो, वरून कोरडं सिमेंट भुरभुरतो, आणि जमीन गुळगुळीत दिसते. घरमालकाला ते आवडतं, गवंड्यालाही त्याचा अभिमान असतो. पण हा वरचा थर, मिलिमीटरभराचा किंवा त्याहून कमी, खालच्या काँक्रीटच्या मानाने फार कच्चा असतो. माणसं चालली, बादल्या ठेवल्या तरी त्याला काही होत नाही. त्याला वर ओढणारं काही चिकटलं, की तो सुटतो.

मावसभावाच्या गाळ्यात कामगारांनी जमीन झाडली, ओल्या फडक्याने पुसली आणि वाळल्यावर थेट रोलर फिरवला. म्हणजे सगळं इपॉक्सी त्या सायीवर चिकटलं होतं. टायर तापलेला असतो, त्याचं रबर इपॉक्सीला थोडं मऊ करतं आणि थंड होताना आकसत ते ओढतं. मे महिन्यात पुणे हायवेवरून आलेल्या गाडीच्या टायरला हात लावून पाहा, चटका बसतो. जमिनीवरची बरीचशी साधी इपॉक्सी ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतात. पातळ थर, खाली कच्ची साय आणि वर तापलेला टायर अशी गाठ पडली की चाकाखालचाच भाग आधी निघतो.

म्हणून पहिलं काम ही साय काढण्याचं. त्याचे दोन मार्ग आपल्याकडे चालतात, ॲसिड आणि ग्राइंडर.

ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, दुकानात सहज मिळतं. जमिनीवर टाकलं की फेस येतो, सिमेंटचा वरचा थर विरघळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. स्वस्त पडतं, म्हणून लोक ते करतात. मला ते पटत नाही, आणि त्याची कारणं आहेत. पहिलं म्हणजे तेल सांडलेल्या जागी ॲसिड चालतच नाही. तेलाखाली सिमेंट सुरक्षित बसून राहतं. दुसरं, ॲसिड आणि सिमेंटच्या झटापटीतून क्षार तयार होतात. ते नीट धुतले नाहीत तर हवेतली ओल ओढून घेतात आणि इपॉक्सीखाली बसून राहतात. तिसरं, धुवायला बादल्यांनी पाणी ओतावं लागतं, आणि ज्या जमिनीतली ओल आपल्याला घालवायची आहे तिलाच आपण पाणी पाजतो. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही तिथे धुणं अर्ध्यावर सोडून दिलं जातं, हेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तरीही ॲसिडच वापरायचं असेल तर पाण्यात ॲसिड ओता, ॲसिडमध्ये पाणी कधीच नको. धुऊन झाल्यावर सोड्याच्या पाण्याने उरलेल्या ॲसिडचा जोर घालवा आणि पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवा. ॲसिडच्या आसपास ब्लीचिंग पावडर आणूच नका. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद गाळ्यात तो जिवावर बेततो.

ग्राइंडर म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेली चाकं फिरवणारं मशीन. ते साय खरवडून काढतं, खालची वाळू उघडी पाडतं, आणि पाणी लागत नाही. लहान गाळ्याला हातातला ग्राइंडर आणि डायमंड कप व्हील पुरतं, मोठ्या जागेला उभं मशीन भाड्याने आणावं. काम झाल्यावर जमिनीवर हात फिरवा. मध्यम खरखरीत पॉलिश पेपरसारखा स्पर्श यायला हवा. अजून गुळगुळीत लागत असेल तर अजून घासायचं बाकी आहे.

एका गोष्टीबद्दल मी हट्टी आहे. ग्राइंडरला व्हॅक्युम जोडलेला हवाच. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. तिचे सगळ्यात बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, फुप्फुसात खोल जातात आणि परत बाहेर येत नाहीत. त्यातून सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. चांगला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क द्या. काम करणारी पोरं "सवय आहे" म्हणतात, पण फुप्फुसाला धुळीची सवय होत नाही.

गॅरेजात आणखी एक अडचण असते, जुन्या तेलाची. कोबा तेल पितो. घासायच्या आधी ते काढायचं, कारण तेलकट जमीन घासली की चाक तेच तेल पसरवतं. गरम पाणी, धुण्याचा सोडा किंवा दुकानातलं डीग्रीझर, आणि कडक ब्रश. एकदा करून भागत नाही. इंजिन उघडायच्या जागेवर आम्हाला तीन वेळा करावं लागलं. मग परीक्षा सोपी आहे: बोटाने पाण्याचे चार थेंब टाका. थेंब पसरून कोब्यात मुरले तर तेल गेलं. मोत्यासारखे गोल राहिले तर इपॉक्सीसुद्धा तिथे तसंच वागणार.

खालून येणारं पाणी

सोलापूरचा पाऊस कमी. त्यामुळे आपल्याकडे ओलीचा त्रास नसणार, असं लोक धरून चालतात. पण आपली जमीन काळी आहे. सप्टेंबरात पडलेलं पाणी काळी माती पुढे कितीतरी आठवडे धरून ठेवते. कोब्याखाली प्लास्टिकचा कागद टाकलेला नसेल, आणि जुन्या बांधकामात तो सहसा नसतोच, तर ही ओल वाफेच्या रूपाने काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून वर येत राहते. उघड्या कोब्यातून ती हवेत उडून जाते आणि आपल्याला कळतही नाही. वर इपॉक्सीचं झाकण बसवलं की ती अडते. मग आतून दाब येतो, फुगे येतात, फोडले की आत पाणी निघतं.

तपासायची रीत साधी आहे. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक कोब्यावर पसरा आणि चारही कडा टेपने हवाबंद करा. थेट उन्हाची जागा नको. निदान १६ तास, मी म्हणेन पूर्ण दिवस, तसंच ठेवा. काढताना प्लास्टिकच्या आतून थेंब दिसले किंवा खालचा कोबा आजूबाजूपेक्षा काळपट दिसला, तर थांबा. एकाच जागी नको, तीन-चार जागी करा, आणि एक तुकडा भिंतीच्या कडेला असू द्या. ओलीचं मीटर असेल तर उत्तम. बहुतेक मालाच्या माहितीपत्रकात काँक्रीटमधली ओल ४ टक्क्यांच्या आत मागितलेली असते.

नवा कोबा असेल तर तो टाकल्यापासून निदान २८ दिवस जाऊ द्या. काँक्रीट तोवर आपली ताकद भरत असतं आणि जास्तीचं पाणी सोडत असतं.

आणि शहाबादी फरशी. आपल्याकडे पोर्चमध्ये, वाड्यात, गाळ्यात सगळीकडे तीच. "हिच्यावरच मारून द्या की," असं मला दर महिन्याला कोणीतरी म्हणतं. मी ते काम घेत नाही. फरशी मुरमावर बसवलेली असते, सांध्यांतून ओल येते, एखादी फरशी हलत असते, आणि शहाबादीचे स्वतःचेच पापुद्रे सुटतात. तिच्यावर इपॉक्सी म्हणजे पुन्हा सायीवरच चिकटवणं.

दोन डबे कशासाठी

अराल्डाइट घरात सगळ्यांनी वापरलेलं असतं, दोन ट्यूब, सारख्या दाबून काडीने ढवळायच्या. एम-सीलचे दोन तुकडे मळून गळका पाइप बुजवलेला असतो. जमिनीवरचं इपॉक्सी त्याच घराण्यातलं. ऑइल पेंट हवेवर वाळतो, डिस्टेंपर पाणी उडून वाळतो. इपॉक्सी वाळत नाही, ते जुळून येतं. एका डब्यात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. रेझिनच्या कणांच्या टोकांना ऑक्सिजन आणि कार्बनची तीन कोपऱ्यांची छोटी कडी असते, ताणलेली, उघडायला टपलेली. हार्डनरमधली अमाइन नावाची रसायनं असतात, ती अमाइन ही कडी उघडते आणि तिथे स्वतःला गुंफते. एक हार्डनर अनेक रेझिनना धरतो, एक रेझिन दोन्ही टोकांनी पकडला जातो, आणि सगळ्या जमिनीभर एक अखंड जाळं तयार होतं.

मागावर चादर विणतात तसं समजा. उभे धागे ताणलेले आणि आडवे धागे त्यातून जाणारे. दोन्हींचं गणित ठरलेलं असतं. आडवे धागे कमी पडले तर कापड विसविशीत होतं, आणि जास्त घातले म्हणून ते आणखी मजबूत होत नाही, उरलेला धागा नुसता लोंबत राहतो. इपॉक्सीत हार्डनर जास्त घातला की लवकर सेट होईल, असं मानणारे मिस्त्री मला अजून भेटतात. काँक्रीटमध्ये सिमेंट वाढवल्यासारखं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात उरलेला हार्डनर कुणाशीही न जुळता जाळ्यात अडकून राहतो. जमीन चिकट राहते किंवा ठिसूळ होते, आणि पाणी-तेलाला बळी पडते. कमी घातला तरी गत तीच. डब्यावर जे प्रमाण लिहिलं आहे ते वजनाचं आहे की मापाचं, हे आधी वाचा, कारण दोन्हींत फरक पडतो. शक्यतो पूर्ण सेटच एका वेळी मिसळा. अर्धा सेट करायचाच असेल तर वजनकाटा हवा, डोळ्यांच्या अंदाजावर नको.

हे जाळं शोधून काढण्याचं श्रेय १९३० आणि १९४० च्या दशकांत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या दोघांकडे जातं, स्वित्झर्लंडचे पिएर कास्तां आणि अमेरिकेचे सिल्व्हन ग्रीनली. कास्तां दातांच्या कवळीसाठी चांगला पदार्थ शोधत होते. आज त्याच पदार्थावर आपण जॅक लावून गाड्या उचलतो.

मिसळताना सगळ्यात जास्त चुका बादलीच्या कडेला होतात. ड्रिलला पाखं लावून सावकाश फिरवायचं, जोरात फिरवलं तर हवा शिरते. दोन-तीन मिनिटं फिरवून झाल्यावर कडा आणि तळ पट्टीने खरवडून घ्यायचा, मग सगळा माल दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून पुन्हा मिनिटभर फिरवायचा. दुसरी बादली लोकांना चैन वाटते. पण पहिल्या बादलीच्या कडेला चिकटलेलं रेझिन हार्डनरला भेटलेलंच नसतं. शेवटी माल निथळावा म्हणून बादली जमिनीवर पालथी घालून ठेवली, तर नेमकं तेच रेझिन ओघळतं आणि तिथे कायमचा एक चिकट गोल राहतो. वर्षानुवर्षं धूळ धरणारे असे गोल डाग कुठे दिसले, तर ते कसे पडले हे आता तुम्हाला कळेल.

सोलापूरचं ऊन आणि बादलीतलं घड्याळ

मिसळल्यापासून माल वापरण्याजोगा राहतो तेवढ्या वेळेला पॉट लाइफ म्हणतात. माहितीपत्रकावर तो बहुधा २५ किंवा ३० अंशांना मोजलेला असतो. ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंशांनी चढलं की जुळण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. २५ अंशांना ४० मिनिटं असलेला माल ३५ अंशांना २० मिनिटांत आटपतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर असतो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त, आणि दुपारभर गाडीत ठेवलेला डबा स्वतःच गरम असतो. तिथे दहा मिनिटंसुद्धा हातात राहत नाहीत.

त्यात आणखी एक गंमत नसलेली गोष्ट आहे. जुळताना इपॉक्सी स्वतः उष्णता सोडतं. बादलीत माल ढिगाने असतो, उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून तो आणखी तापतो आणि आणखी वेगाने जुळतो. मी बादलीतून धूर निघताना पाहिला आहे. प्लास्टिकची कडा वाकली होती आणि हात लावणं शक्य नव्हतं. तोच माल जमिनीवर ओतला की पातळ पसरतो, उष्णता कोब्याला देतो आणि शांत राहतो. म्हणून मिसळून झाल्याबरोबर सगळा माल पट्ट्यापट्ट्याने जमिनीवर ओतून मोकळं व्हायचं, मग स्क्वीजीने, म्हणजे दांड्याच्या रबरी पट्टीने, ओढायचा आणि रोलरने सारखा करायचा. बादलीत रोलर बुडवत बसायचं नाही. तापलेली बादली दिसली तर ती उघड्यावर नेऊन ठेवा, झाकू नका.

वेळ कोणती धरावी? सगळे म्हणतात पहाट, गारव्यात. टॉपकोटला, म्हणजे सगळ्यात वरच्या थराला, ते बरोबर आहे. प्रायमरचं, म्हणजे कोब्यात मुरणाऱ्या पहिल्या थराचं, मात्र उलटं आहे आणि हे फार थोडे लोक लक्षात घेतात. कोब्याच्या छिद्रांत हवा भरलेली असते. सकाळी मारलं तर दिवस चढेल तसा कोबा तापतो, आतली हवा फुगते आणि ओल्या प्रायमरमधून बुडबुडे काढते. वाळल्यावर टाचणीच्या टोकाएवढी हजार छिद्रं दिसतात. दिवस कलल्यावर मारलं तर कोबा थंड होत जातो, हवा आकसते आणि प्रायमरला आत ओढून घेते. म्हणून मी प्रायमर संध्याकाळी मारतो.

फक्त दव पडू नये. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब धरतात, तसे थंड कोब्यावरही धरतात, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. ज्या तापमानाला दव धरतं त्याच्यापेक्षा जमीन निदान ३ अंशांनी गरम असली पाहिजे. हवा दमट आणि गार असताना मारलं की वर मेणचट थर येतो, हात लावला की तेल लावल्यासारखा. अमाइन हवेतल्या ओलीशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून तो बनवते. कोमट पाण्याने तो धुऊन काढल्याशिवाय पुढचा थर द्यायचा नाही, नाहीतर दोन थरांमध्येच पापुद्रा सुटतो.

हे सगळं जमवलं तर आपल्याकडे सगळ्यात सोयीचा काळ गड्डा यात्रेनंतरचा, जानेवारीअखेरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत. हवा कोरडी, दुपार तिशीच्या आसपास, पावसाची ओल बरीच उतरलेली. मावसभावाचं दुसरं काम आम्ही तेव्हाच केलं.

किती माल लागतो, हा हिशोब स्वतः करा

एक लिटर माल एका चौरस मीटरवर पसरला तर तो एक मिलिमीटर जाड होतो. एवढं एक वाक्य पाठ असेल तर कोणीही तुम्हाला फसवू शकत नाही. १० बाय २० म्हणजे २०० चौरस फूट, म्हणजे १८.६ चौरस मीटर. गाडी उभी राहणार असेल तर ३०० मायक्रॉनच्या (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) खाली मी जाणार नाही. त्यासाठी साडेपाच लिटरहून थोडा जास्त घन माल जमिनीवर राहिला पाहिजे. "घन" शब्द महत्त्वाचा आहे. स्वस्त डब्यात निम्मं सॉल्व्हंट असतं आणि ते उडून जातं. अशा ५० टक्के घन मालाचा चार लिटरचा डबा या गाळ्यावर फिरवला, तर मागे राहतात दोन लिटर, जाडी सुमारे १०७ मायक्रॉन. डोक्याच्या केसापेक्षा थोडी जास्त. मावसभावाच्या पहिल्या कामात नेमका असाच एक डबा लागला होता, तो रिकामा डबा गॅरेजच्या कोपऱ्यात अजून पडला होता.

तेव्हा भाव विचारताना चौरस फुटाचा दर एवढंच विचारू नका. घन किती टक्के, एकूण किती किलो माल येणार, जमीन ॲसिडने करणार की ग्राइंडरने, व्हॅक्युम आहे का, प्रायमर वेगळा आहे की पातळ केलेला तोच माल, हे कागदावर लिहून घ्या. थिनर घालून वाढवलेला माल रोलरखाली छान पळतो, म्हणून कामगारांना तो आवडतो.

दुसऱ्या वेळी काय केलं

जुनं इपॉक्सी पूर्ण घासून काढलं. चाकांखालचं तर सहज निघालं. आश्चर्य म्हणजे दाराजवळचा हातभर पट्टा निघता निघेना. तिथे शटरखालून वर्षानुवर्षं चाकं वळून साय आधीच झिजली होती. ग्राइंडरने तिथून खडीचे बारीक तुकडे इपॉक्सीसकट उडाले. तोच माल, तोच दिवस, तेच हात, फक्त खालची जमीन वेगळी.

मग भेगा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचा कोबा तिच्याबरोबर हलतो. भेग मेलेली आहे की जिवंत, हे आधी ओळखावं लागतं. भेगेवर आडवी पेन्सिलची रेघ मारून, भेगेत चिमूटभर पुट्टी भरून महिनाभर ठेवली. तीन भेगांत पुट्टी जशीच्या तशी राहिली. त्या व्ही आकारात कापून इपॉक्सी आणि बारीक सिलिका वाळू कालवून भरल्या. मागच्या भिंतीजवळच्या एका भेगेतली पुट्टी चिरली. ती जिवंत. तिला कडक इपॉक्सीने बुजवलं असतं तर शेजारी दुसरी फुटली असती. तिथे सांधा तसाच वरपर्यंत ठेवला आणि लवचीक पॉलियुरेथेन सीलंट भरलं.

दोनदा व्हॅक्युम, संध्याकाळी प्रायमर. दोन-तीन ठिकाणी कोब्याने तो इतका प्यायला की मॅट डाग दिसले, तिथे पुन्हा दिला. ओल्या प्रायमरवर धुतलेली, कोरडी सिलिका वाळू मुठीने उधळली. ती पुढच्या थराला पकड देते आणि जमीन घसरडी होऊ देत नाही. तेल सांडणाऱ्या जागी आरशासारखी गुळगुळीत जमीन धोक्याची असते. नदीची वाळू मात्र नको, तिच्यात माती असते. दुसऱ्या दिवशी सुटी वाळू झाडून पहिला थर, त्याच्या पुढच्या दिवशी टॉपकोट. दोन थरांत साधारण २४ तासांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही, उन्हाळ्यात त्याहून कमी. उशीर झालाच तर पॉलिश पेपरने घासून चमक घालवून मगच पुढचा थर, कारण पूर्ण जुळलेल्या जाळ्याला नवा थर नुसता टेकतो, गुंफला जात नाही.

हातात नायट्राइलचे मोजे सगळ्यांना. बिनजुळलेलं इपॉक्सी कातडीला पुन्हा पुन्हा लागलं की काहींना त्याची ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की जन्मभर राहते. पुढे थेंब लागला तरी अंगावर पुरळ उठतं. आमच्यातल्याच एकाला त्यामुळे हा धंदा सोडावा लागला. हात थिनरने धुऊ नका, थिनर तेच रसायन कातडीत आणखी आत नेतं. साबण आणि पाणी पुरे.

शटरबाहेरच्या उतारावर मावसभावाला तोच रंग हवा होता. मी नाही म्हटलं. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, काही महिन्यांत पिवळं पडतं आणि वर खडूसारखी भुकटी धरते. पश्चिमेचं ऊन दारातून चार-पाच फूट आत येतं, तेवढ्या भागावर वरून अ‍ॅलिफॅटिक पॉलियुरेथेनचा थर दिला. तो ऊन सोसतो आणि गरम टायरलाही जास्त दाद देत नाही. पैसे परवडत असतील तर सगळ्याच जमिनीवर तो द्यावा. गाड्या धुण्याच्या कोपऱ्यात प्लास्टिकची परीक्षा नापास झाली होती. तिथे काहीही मारलं नाही, फक्त सिलिकेटचं डेन्सिफायर मुरवलं. त्याने कोबा कडक होतो, धूळ सुटत नाही, आणि ओलीला वर यायला वाट राहते. रंग मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यावरून चालता येत होतं, त्यामुळे मावसभाऊ गाडी आत घ्यायची घाई करायला लागला. गिऱ्हाइकं बाहेर उभी होती, त्याची अडचण खरी होती. पण माणसाचं वजन आणि तापलेल्या टायरचं ओढणं यांत फरक आहे. जाळं पुरतं जुळायला आठवडा लागतो. सात दिवस गाळा बंद ठेवला.

आठव्या दिवशी टेबलाखाली न दिसणाऱ्या कोपऱ्यात मी सुरीने बोटभर चौकोन कापला आणि छिन्नीने वर ओढला. प्रयोगशाळेत हीच परीक्षा यंत्राने करतात आणि दर चौरस सेंटीमीटरला साधारण १५ किलोचा ओढा सोसला तर जमीन पास धरतात. माझ्याकडे छिन्नीच होती. चौथ्या प्रयत्नाला तुकडा निघाला. उलटा केला. पाठीला भुकटी नव्हती, वाळूचे दाणे आणि खडीचा एक काळा कपचा घट्ट धरलेला होता. मावसभावाने तो हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिला, मग शटर वर केलं आणि बाहेर उभ्या पहिल्या गाडीला हात केला.